भोंग्याचा नाद आणि चौदा हजारांचं भंगार

पत्राचा गोषवारा: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून हे पत्र आलं आहे. लिहिणारे 36 वर्षांचे. मोटर रिवाइंडिंगचं दुकान, तीन एकर कोरडवाहू, घरी आई, पत्नी आणि सात वर्षांची मुलगी. उमेदवारीच्या काळात नगर परिषदेच्या इमारतीवरचा जुना भोंगा जळून त्यांच्या उस्तादाकडे आला होता. मोटर भरून भोंगा परत वर चढवला, बटण दाबायचा मान या पोराला मिळाला, आणि तिथून नाद लागला. आता सवड काढून ते आसपासचे जुने भोंगे ऐकायला, त्यांच्या चाचण्या बघायला जातात आणि मोबाइलवर रेकॉर्ड करतात. वणीकडच्या एका खाणीचा, एका मरणपंथाला लागलेल्या जिनिंगचा, एका धरणावरचा, अशी 63 रेकॉर्डिंग जमली आहेत. एकदा मुलीलाही सोबत नेलं होतं, पण ती मध्येच बोलली म्हणून ते रेकॉर्डिंग पुसावं लागलं. घरी 'दुकानाच्या कामाला जातो' असं सांगून निघतात. पत्नीला खरं कळलं तेव्हा तिने माहेरी फोन लावून भावाला सांगितलं, "आमच्या ह्यायले भोंग्याचं याड लागलं." मे 2025 मधल्या भारत-पाक तणावाच्या दिवसांत त्यांनी एक रेकॉर्डिंग रात्री साडेदहाला स्टेटसला ठेवलं. गावात घबराट झाली, पोलीस ठाण्यात बोलावून समज दिली गेली. आता ती जुनी इमारत पडणार आहे. पाडकामाचा ठेकेदार भोंगा 14,000 रुपयांत द्यायला तयार आहे. नेमके तेवढेच पैसे घरात आहेत, पण ते पत्नीने शिलाई मशीनसाठी बाजूला टाकलेले. ते विचारतात : हे वेड आहे का? भोंगा घ्यावा का? आणि घरी सांगावं तरी काय?

भाऊ,

तुमचं पत्र हाती आलं तेव्हा दुपारचे बारा वाजायला आले होते, आणि वाचता वाचता मी कान देऊन बसले. आमच्या गावचा भोंगा बंद होऊन कित्येक वर्षं झाली, तरीही.

माझं लहानपण वर्धा जिल्ह्यातल्या एका कसब्यात गेलं. घरामागे जिनिंग-प्रेसिंग. बाराचा भोंगा झाला की आजी चुलीवर तवा ठेवायची, आणि पहिली भाकर फुगेपर्यंत जिनातल्या बाया फाटकातून बाहेर पडलेल्या असायच्या, केसांत, भुवयांवर रुईचे पुंजके घेऊन. एके दिवशी बॉयलरवाल्याचा डोळा लागला आणि भोंगा वीस मिनिटं उशिरा झाला. अख्खा मोहल्ला वीस मिनिटं उशिरा जेवला. भिंतीवर घड्याळं होती हो घरोघरी, पण भोंग्यासमोर घड्याळाचं कोण ऐकतो. आजीचं तर ठाम मत होतं की घड्याळच पुढे पळालं असणार.

तो आमचा भोंगा वाफेचा होता, म्हणजे खरं तर एक मोठी शिटीच. तुमचा विजेचा, फिरत्या पंख्याचा. जातच वेगळी. पण आपल्याकडे दोघांनाही भोंगाच म्हणतात, त्यामुळे एका भोंगेवाल्या घरची पोर तुम्हाला उत्तर देते आहे असं समजा.

वेडाचा प्रश्न आधी निकालात काढू. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, जोडीपायी कर्ज काढणाऱ्याला आपण 'शौकीन माणूस' म्हणतो. पितृपक्ष संपला न संपला तोच पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांची तिकिटं विचारत फिरणाऱ्याला रसिक म्हणतो. तुम्ही मात्र महिन्यातून दोनदा पेट्रोल जाळून एक आवाज ऐकायला जाता, तर ते वेड. फरक एवढाच की पटाला हजार माणसं असतात आणि तुम्ही एकटे. मराठीने तुमची बाजू केव्हाच घेऊन ठेवली आहे बघा : नाद म्हणजे आवाज आणि नाद म्हणजे छंद, दोन्हीला शब्द एकच.

आणि एकटेही नाही. नेदरलँड्समध्ये महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी बाराला देशभरचे भोंगे वाजवून बघतात. फ्रान्समध्ये पहिला बुधवार, चेक प्रजासत्ताकातही पहिला बुधवार, दुपारी बाराच. शिकागो शहराची चाचणी पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला. तिकडे तुमच्यासारखी माणसं कॅलेंडरवर खुणा करून, कॅमेरा लावून, घराच्या गच्चीवर किंवा रस्त्याच्या कडेला उभी असतात. सॅन फ्रान्सिस्कोचा दर मंगळवारचा दुपारचा भोंगा डिसेंबर 2019 मध्ये दुरुस्तीसाठी बंद झाला, तेव्हा हळहळणारे लोक काही वेडे नव्हते. 1952 मध्ये अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने आठ सिलिंडरचं मोटारीचं इंजिन बसवलेला एक भोंगा काढला होता, शंभर फुटांवर 138 डेसिबल. ते धूड अजून कुठे चालू करून दाखवतात म्हटलं की माणसं शेकडो मैलांवरून जातात.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मात्र मला खटकलं. 'याचा काही उपयोग नाही हे मला कळतं.' कशाला ही माफी? आणि लगेच पुढे दीड पान तुम्ही उपयोग सांगण्यात घालवलंत : पुढच्या पिढीला कळावं, इतिहास जपला जावा, वगैरे. भाऊ, हे दीड पान तुमचं नाही. कुणीतरी हसेल म्हणून आधीच तयार करून ठेवलेला तो जबाब आहे. तुमचं खरं पान त्याच्या आधीचं. त्यात तुम्ही लिहिलंय की संध्याकाळी गावात व्होल्टेज पडलेलं असलं की भोंगा चढायला वेळ घेतो, 'म्हाताऱ्याने जिना चढावा तसा', आणि नुसत्या चढण्यावरून तुम्ही लाइन किती उतरलीय ते सांगू शकता. हे वाचून मी दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते.

इतर वाचकांसाठी थोडं सांगते, म्हणजे ह्यात बघण्यासारखं काय आहे ते कळेल. भोंग्यात कर्णा असो नसो, आवाज कर्ण्यातून निघत नाही. आत एक पंखा फिरतो, त्याच्या घेराला खिडक्या असतात. बाहेर स्थिर पिंजरा, त्यालाही तशाच खिडक्या. खिडकीसमोर खिडकी आली की हवा बाहेर फेकली जाते, सरकली की कापली जाते. मोटर मिनिटाला 2,800 फेरे घेत असेल आणि पंख्याला दहा खिडक्या असतील, तर सेकंदाला हवेचे सुमारे 467 झटके. तोच तुमचा सूर. मोटर वेग घेते तसा सूर वर चढतो, बटण सोडलं की जड पंखा आपल्या वजनाने फिरत राहतो आणि सूर मिनिटभर उतरत राहतो. आपली वीज 50 हर्ट्झची, अमेरिकेची 60 ची. त्यामुळे तशीच मोटर तिकडे जास्त वेगाने फिरते आणि त्याच घडणीचा भोंगा आपल्यापेक्षा चढ्या सुरात ओरडतो. काही भोंग्यांना दोन पंखे असतात, एकाला दहा खिडक्या, दुसऱ्याला बारा. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश भोंग्यांचा तो काळजात कळ आणणारा दुहेरी सूर असा दोन आकड्यांतून येतो. 1819 मध्ये शार्ल कान्यार द ला तूर या फ्रेंच माणसाने असल्या यंत्राला 'सायरन' नाव दिलं, कारण ते पाण्याखालीही वाजत होतं आणि ग्रीक पुराणातल्या गाणाऱ्या सागरकन्यांची त्याला आठवण झाली. आपण त्याचा भोंगा केला. मला भोंगा जास्त प्रामाणिक वाटतो.

आता घरचं. तुम्हाला वाटतं की पत्नीला तुमचा नाद समजत नाही. मी पत्र तिच्या बाजूने एकदा वाचून पाहिलं. दर पंधरवड्याला नवरा धुतलेला शर्ट घालून मोटरसायकल काढतो, 'दुकानाच्या कामाला' जातो, चार-पाच तासांनी येतो, आणि हाताला ना ग्रीस ना वार्निशचा वास. त्या बाईच्या मनात काय काय येऊन गेलं असेल? खाणीच्या फाटकाबाहेर हा भोंगा ऐकत उभा असतो हे कळल्यावर तिने माहेरी जो फोन लावला, त्यात मला चेष्टेपेक्षा सुटकेचा निःश्वासच जास्त ऐकू येतो. 'याड लागलं' म्हणाली ना? बरं झालं म्हणा की तेवढंच म्हणाली.

तेव्हा भोंग्याचं समर्थन करत बसू नका, खोटं बोललात ते मान्य करा. 'मी कामाला जात नव्हतो, भोंगा ऐकायला जात होतो, तू हसशील म्हणून सांगितलं नाही.' बस. मेहुण्याला काय वाटतं हा प्रश्न वर्षभर बाजूला ठेवा. मेहुण्यांना काहीतरी वाटतच असतं.

आणि ते पुसलेलं रेकॉर्डिंग. तुम्ही लिहिता की धरणावर, भोंगा उतरत असताना, मुलगी म्हणाली, "बाबा, संपला का?" म्हणून ते 'खराब झालं'. 63 पैकी मला एकच ऐकायला मिळणार असतं तर मी तेच मागितलं असतं. निव्वळ भोंगा कसाही मिळेल, इंटरनेटवर पडलेत ढिगाने. पण त्या दिवशी, त्या धरणावर, सात वर्षांच्या पोरीला तो केवढा लांबला हे आता कुठेच राहिलं नाही. तुमच्याच जमातीतली जुनी रेकॉर्डिंग ऐकून बघा. मागे कुत्रं भुंकतं, कुणीतरी खोकतं, एखादी बाई 'आलं गं बाई याचं' म्हणते, आणि कान तिकडेच जातो.

आता मे महिन्याबद्दल, आणि इथे मी तुमच्या बाजूने बोलणार नाही. 'मी काही गुन्हा केला नव्हता, तरी चारचौघांत अपमान झाला' असं तुम्ही लिहिता. अपमान झाला असेल, मला वाईट वाटतं. पण चूक तुमची होती. 7 मेला देशभर नागरी संरक्षणाची कवायत झाली होती. हल्ल्याच्या इशाऱ्याचा भोंगा वर-खाली होणारा आणि धोका टळल्याचा सलग, हे त्या आठवड्यात चॅनेलांनी शेंबड्या पोरालाही पाठ करून दिलं होतं. सीमेवरच्या बातम्या रात्रभर चालू होत्या. अशा वेळी रात्री साडेदहाला तुमच्या स्टेटसमधून तो वर-खाली होणारा आवाज निघाला. ज्यांची पोरं फौजेत आहेत अशी दोन घरं तुमच्याच गल्लीत आहेत, हे तुम्हीच लिहिलंत. त्या घरांत त्या रात्री काय झालं असेल? टीव्हीवाल्यांनी बातम्यांच्या मागे भोंगा वाजवायचा सपाटा लावला, तेव्हा 10 मेला केंद्र सरकारने त्यांनाही लेखी सांगितलं की जनजागृती सोडून इतर कार्यक्रमांत हा आवाज वापरू नका, रोज ऐकून लोक खऱ्या भोंग्यालाही दाद देणार नाहीत. सूचना वाहिन्यांसाठी होती, तुमच्या फोनसाठी नव्हती, पण कारण तेच.

भोंगा हा नुसता आवाज नाही, ते एक वाक्य आहे, आणि ते बोलायचा अधिकार ठरलेल्या माणसाला असतो. तुम्ही ऐकणारे आहात. म्हणून रेकॉर्डिंग स्पीकरवर वाजवायचं नाही, रिंगटोन करायची नाही, स्टेटसला ठेवायचं नाही. कुठे टाकायचंच असेल तर दिवसाउजेडी, सुरुवातीला आपल्या तोंडाने बोलून : हे जुनं रेकॉर्डिंग आहे, अमुक तारखेचं, अमुक ठिकाणचं, चाचणीचं. आणि वातावरण तापलेलं असेल तेव्हा तेही नाही.

शब्दाचंही भान ठेवा. 2022 च्या वादानंतर 'भोंगा' म्हटलं की अर्ध्या लोकांच्या डोळ्यांसमोर मशिदीवरचा लाउडस्पीकर येतो. आपल्याकडे काही गावांत रमजानमध्ये रोजा सोडायच्या वेळी भोंगा होतो, फार जुनी चाल आहे. तो टिपायला तुम्ही बाहेर अंधारात मोबाइल धरून उभे राहाल आणि कुणीतरी खांद्यावर हात ठेवील. आधी जाऊन बसा, चहा घ्या, भोंगा कुणाच्या हातात असतो त्याला भेटा. तो खुशाल गच्चीवर नेईल, आणि त्याच्या बापाच्या काळातला भोंगा कसा होता हेही सांगेल, तेही टिपून घ्या. दारूगोळ्याचे कारखाने आणि लष्करी भांडार आपल्या विदर्भात बरीच आहेत, भद्रावती, पुलगाव, जवाहरनगर. तिथल्या भिंतीपाशी मोबाइल काढायचा नाही म्हणजे नाही, तिथे नाद चालत नाही, कायदा चालतो. खाणीचा पाळीचा भोंगा बाहेरून ऐका, पण सुरुंगाचा भोंगा हा पळायचा भोंगा आहे. धरणावरचा भोंगा झाला म्हणजे खाली पाणी येतंय. गोसीखुर्दसारख्या 33 दारांच्या धरणाखाली नदीच्या पात्रात उतरून रेकॉर्डिंग करायला गेलेल्याची गोष्ट मला या सदरात लिहायला लावू नका.

कानाचंही सांगते, कारण तुम्ही कौतुकाने लिहिलंय की स्लॅबवर भोंग्याच्या बरोबरीने उभं राहिलं की 'छाती वाजते'. छाती वाजते तेव्हा कान जात असतात. 85 डेसिबल माणूस आठ तास सोसू शकतो, 100 ला जेमतेम 15 मिनिटं धरतात, आणि भोंग्याशेजारी आकडा त्याच्याही वर असतो. कापसाच्या मुलखातली असून सांगते, कानात कापूस कोंबून भागत नाही. खाणकामगार लावतात तसे कानावरचे मफ घ्या. उघड्यावर अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो, म्हणून शंभर-दीडशे मीटर मागे सरका. रेकॉर्डिंगही तिथूनच चांगलं येतं. जवळून मोबाइलचा माइक फाटतो, शिवाय फोन आपणहून आवाज सपाट करतो, म्हणजे ज्या चढासाठी गेलात तोच मारला जातो. हाताने पातळी लावता येईल असं रेकॉर्डरचं ॲप घ्या, वाऱ्यासाठी माइकवर मोज्याचा तुकडा ताणून बसवा. भोंग्याच्या आधीचं एक मिनिट आणि नंतरचं एक मिनिट सोडू नका. वहीत तारीख, वेळ, वारा कुठून होता, किती लांब उभे होतात आणि बटण कुणी दाबलं ते लिहा. बटण दाबणाऱ्याचं नाव कुठल्याच दप्तरात नसतं.

आता चौदा हजार.

पहिली गोष्ट, तो भोंगा ठेकेदाराच्या बापाचा नाही. नगर परिषदेच्या जडवस्तू नोंदवहीत कुठेतरी त्याची नोंद असणार. तो काढायचा तर आधी निर्लेखन, म्हणजे वस्तू रीतसर नोंदीतून कमी करणं, मग लिलाव. पाडकामाच्या ठेक्यात इमारतीचं भंगार ठेकेदाराला लिहून दिलं असेल तर गोष्ट वेगळी, पण त्यात यंत्रं येतात का हे कागदावर बघा. पावतीशिवाय घेतलात तर उद्या कुणीतरी उठून म्हणेल, नगर परिषदेचा भोंगा ह्याच्या दुकानात कसा? मे महिन्यात ज्या ठाण्यात जाऊन आलात तिथेच पुन्हा जावं लागेल, आणि या खेपेला समजेवर भागणार नाही.

दुसरी गोष्ट, घेऊन कराल काय? दुकानाच्या मागे ठेवाल, बेअरिंग बदलाल, वाइंडिंग तपासाल, रंग द्याल, आणि एके दिवशी हात शिवशिवेल. वाजवता येणार नाही. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे, पण नियम जाऊ द्या, गावाला अर्थ न सांगता वाजलेला भोंगा काय करतो हे तुम्ही एकदा पाहिलंय. फार तर हाताने पंखा फिरवून तो गुरगुरतो तेवढं ऐकाल. शाळेतली पोरं येतील, चार दिवस बघतील.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली ओळ सांगू? पहिल्यांदा बटण दाबलंत तेव्हा भोंगा कसा वाजला हे तुम्ही लिहिलंच नाही. तुम्ही लिहिलं की स्लॅबच्या कठड्यावरून खाली पाहिलं तर 'भाजीवाल्या बायांनी एकदम वर पाह्यलं, एकीने हातातला तराजू तसाच धरून ठेवला.' सतरा वर्षं तुम्ही त्या तराजूच्या मागे हिंडताय, भाऊ. तो 14,000 मध्ये येत नाही. भोंग्याखाली बाजार असायला लागतो.

म्हणून माझं मत : विकत घेऊ नका, वर चढवायला लावा. नवी इमारत होतेय ना? तिच्या गच्चीवर त्याला जागा द्या असा अर्ज करा. तुमच्याकडे असं काही आहे जे बाकी अर्ज करणाऱ्यांकडे नसतं, ते म्हणजे हात. 'मोटर मी मोफत भरून देतो, वर्षातून दोनदा तेलपाणी करतो' असं लिहिलंत तर नाही म्हणायला साहेबांनाही कारण शोधावं लागेल. वाजवायला निमित्त? ते सरकारनेच दिलेलं आहे. 30 जानेवारीला हुतात्म्यांसाठी सकाळी अकराला दोन मिनिटं मौन पाळायचं असतं. भोंग्याची सोय आहे तिथे 10:59 ते 11:00 भोंगा, मग शांतता, मग 11:02 ते 11:03 पुन्हा भोंगा, अशी सूचना दरवर्षी निघते. किती गावं पाळतात ते सोडा. तुमचं पाळेल. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने तर भोंग्याला नवाच धंदा दिला : संध्याकाळी सातला भोंगा झाला की टीव्ही-मोबाइल बंद, पोरं अभ्यासाला, साडेआठला दुसरा भोंगा झाला की मोकळीक. गावाने बसून ठरवलं म्हणून ते चाललं. तुमच्या गावात चालेलच असं नाही, आणि रोज दोनदा भोंगा मला स्वतःला जाच वाटेल. पण नगर परिषदेत बोलताना हे उदाहरण खिशात असू द्या, साहेब लोकांना दुसऱ्या जिल्ह्यातलं उदाहरण फार पटतं.

ते नाहीच म्हणाले तर तालुक्याच्या आयटीआयला गाठा. इलेक्ट्रिशियन आणि वायरमनच्या पोरांसमोर एक बाजू कापून उघडा ठेवलेला भोंगा म्हणजे रोटर, स्टेटर, बेअरिंग, सगळं एका जागी. नगर परिषद एका सरकारी संस्थेला वस्तू देते तेव्हा कागदही सोपा होतो. तुमच्या दुकानात मुका बसण्यापेक्षा तिथे बसलेला बरा.

हे दोन्ही फिसकटलं, रीतसर लिलाव झाला आणि तुमचं मन ऐकेना, तर घ्या बापडे. मी कोण अडवणार? पण शिलाई मशीनच्या पैशांतून नाही. ते मशीन आलं की महिन्याला चार पैसे घरात येणार आहेत आणि भोंगा आला की चार पैसे जाणार आहेत, एवढा हिशेब मोटर भरणाऱ्याला कळतो. आधी मशीन. मग सोयाबीनचं काही उरलं तर भोंगा. आणि बोली लावायच्या आधी तिला विचारून. कोण जाणे, वर्षभरात ती स्वतःच म्हणेल की घेऊन टाका एकदाचा.

अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे करा, एका पानात. इतिहास, वारसा असले शब्द घालू नका. भोंगा कोणत्या साली तुमच्या उस्तादांनी भरला, आता त्याला काय लागेल, तुम्ही काय द्याल आणि 30 जानेवारीला तो वाजवता येईल, एवढंच. दोन प्रती काढा. एक आवक विभागात द्या आणि दुसरीवर शिक्का मारून पोच घ्या, कारण पाडकाम पुढच्या महिन्यात आहे आणि 'तुमचा अर्ज आलाच नाही' हे वाक्य तुम्हाला भोंग्यापेक्षा लवकर ऐकू येईल.